निबंधकसाहेबांचं नाक

नियमकाका रडत नसत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्यांना ओळखणारी निम्मी माणसं शपथेवर याच्या उलट सांगतील.

ते विवाह नोंदणी कार्यालयात निबंधक होते. वधूवरांना समोर उभं करायचं, त्यांच्याकडून शपथ वदवून घ्यायची, साक्षीदारांना सह्या कुठे करायच्या ते दाखवायचं आणि "कायद्याने आपण आता पती-पत्नी आहात" असं सांगून पुढच्या जोडप्याला हाक मारायची, हे त्यांचं काम. टपाल कचेरीतला माणूस पाकिटावर शिक्का मारतो त्याहून जास्त भावना त्यांनी त्यात कधी घातली नव्हती. लग्न ही सुखाची गोष्ट आहे की नाही, हा प्रश्न नोंदणीच्या कक्षेत येत नाही, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. 'नियमकाका' हे नाव त्यांना इमारतीतल्या मुलांनी दिलेलं, कारण जिन्यात चेंडूचा टप्पा पडला की कुठल्या नियमाने तो पडता कामा नये, हे ते दार उघडून समजावून सांगत. ते नाव मोठ्यांच्या तोंडी बसलं, तिथून कचेरीत पोचलं, आणि एकदा तर खुद्द काकूच फोनवर "नियमकाका घरात नाहीत" असं बोलून गेल्या.

तर असा हा नाकासमोर चालणारा माणूस. पण त्या नाकातच सगळी मेख होती.

कार्यालयाच्या खिडकीबाहेर, कुंपण आणि रस्ता यांच्यामध्ये, कोणी न लावलेलं गवत उगवत असे. ते कमरेएवढं वाढलं आणि त्याला तुरे आले की नियमकाकांच्या नाकाला कंड सुटे, टाळू खाजे, आणि दोन्ही डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागत. नेमका तोच लग्नांचा हंगाम. वर थरथरत्या आवाजात शपथ म्हणतोय, वधू मान खाली घालून उभी आहे, आणि समोर सरकारी खुर्चीत बसलेला, चेहऱ्यावरची सुरकुती न हलणारा निबंधक घळाघळा रडतोय, हे दृश्य पाहून दगडालाही पाझर फुटला असता. माणसं तर माणसंच. वधूची आई रडायला लागे. मग मावशी. मग वराकडची मंडळी आपण मागे पडायला नको म्हणून रुमाल काढत. एकदा एका वराच्या पहिलवान काकाने नियमकाकांना छातीशी घट्ट धरून "साहेब, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो" असा हंबरडा फोडला, तेव्हा त्यांचा चष्मा त्या काकाच्या कोटाच्या बटणात अडकला होता.

गावभर बोलबाला झाला. लोक त्यांना 'हळवे साहेब' म्हणू लागले. शहराच्या दुसऱ्या टोकाला याहून प्रशस्त, पंखे चालणारं नोंदणी कार्यालय होतं. तिथली जोडपी इकडे येऊ लागली. कार्यालयातले शिपाईमामा बाहेरच्या बाकावरच्या मंडळींना अभिमानाने सांगत, "आमचे साहेब प्रत्येक लग्नाला रडतात. भेदभाव नाही."

नियमकाकांना हे फार लागे. आपली नसलेली हळवेपणाची कीर्ती अंगावर वागवणं म्हणजे दुसऱ्याचा कोट घालून हिंडण्यासारखं होतं.

"ही ॲलर्जी आहे," ते एका वधूच्या मावशीला म्हणाले. "परागकणांची."

"असू दे हो," मावशी डोळे टिपत म्हणाल्या, "भावना म्हणा, परागकण म्हणा. आतून येतं ते महत्त्वाचं."

तेव्हा त्यांनी ठरवलं, याचा बंदोबस्त करायचा.

पहिला मार्ग अर्थातच नियमाचा. ते बागखात्यात गेले. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "आम्ही जे लावतो तेच आम्ही कापतो. ते गवत आपलं आपण आलंय." ते रस्तेखात्यात गेले. तिथला अभियंता म्हणाला, "डांबर असेल तिथे आमचं. जे उगवतं तो रस्ता नव्हे." नियमकाकांना दोघांचाही राग येईना. दोघांचं म्हणणं इतकं मुद्देसूद होतं की आपण त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, या विचाराने ते जिना उतरताना थोडे सुखावलेही. खाली येऊन मात्र त्यांना एकामागून एक अशा शिंका सुरू झाल्या की रिक्षावाल्याने त्यांना घ्यायला नकार दिला.

दुसरा मार्ग शेजाऱ्यांचा. तो न मागता मिळतो. वरच्या मजल्यावरचे निवृत्त भूगोलमास्तर म्हणाले, हा सगळा वाऱ्याच्या दिशेचा खेळ आहे, टेबल उलट्या तोंडाने ठेवा. तसं केलं तर वधूवर भिंतीशी लग्न करतील, म्हणून नियमकाकांना ते पटलं नाही. समोरच्या वहिनी म्हणाल्या, रोज सकाळी गार पाण्यात नाक बुडवून श्वास घ्यायचा. नियमकाकांनी ते करून पाहिलं, आणि काकूंनी पाठीत धपाटे घातले म्हणून ही कथा पुढे सरकते आहे.

शेवटी काकूंचा धाकटा भाऊ, जो दर रविवारी येतो आणि कुठल्याही दुखण्यावर "माझ्या एका मित्राला अगदी हेच झालं होतं" असं सांगतो, तो म्हणाला, "भाऊजी, नाकात मारायचा स्प्रे घ्या. माझ्या एका मित्राला..."

त्या मित्राचं पुढे काय झालं हे न ऐकताच नियमकाका औषधवाल्याकडे गेले.

"अँटीहिस्टामाइनचा आहे," बोटभर उंचीची बाटली काउंटरवर ठेवत औषधवाला म्हणाला. "गोळी पोटात जाऊन सगळ्या अंगाला फिरून येते. हा थेट नाकातच काम करतो. लवकर गुण येतो. पण आतला कागद वाचा हं."

आता, नियमकाका हे आगपेटीवरचाही मजकूर वाचणारे गृहस्थ. पण घरी पोचले तर मेहुणा, मास्तर आणि वहिनी असं अख्खं मंडळ बैठकीच्या खोलीत वाट पाहत बसलेलं. इतका जाणकार समाज हजर असताना कागद कोण वाचतो? तो चहाच्या कपाखाली गेला.

"मान मागे," मास्तर म्हणाले. "अगदी छताकडे बघा. वरून खाली आलं पाहिजे. गुरुत्वाकर्षण."

"आणि जोरात ओढा भाऊजी," मेहुणा म्हणाला. "मेंदूपर्यंत जाऊ दे."

"थुंकू नका, गिळून टाका," वहिनी म्हणाल्या. "औषध वाया घालवू नये."

नियमकाकांनी मान मागे टाकली, बाटली नाकपुडीत घातली आणि दाबली. काही आलं नाही. पुन्हा दाबली. काही नाही. "भोक बुजलंय," असं म्हणून मेहुण्याने बाटली घेतली, डोळ्यासमोर धरली आणि दाबली. ते आलं. नवी बाटली आधी हवेत चारदोनदा दाबून चालू करायची असते, हे त्या कपाखालच्या कागदावर लिहिलेलं होतं. मेहुणा "गेला, डोळा गेला" असं ओरडत मोरीकडे धावला आणि काकू त्याच्यामागे.

तो गोंधळ चालू असतानाच नियमकाकांनी दोन्ही नाकपुड्यांत फवारा मारून, छताकडे बघत, भात्यासारखा श्वास ओढला.

जे खाली उतरलं ते कडू होतं. कडू हा शब्द फार सौम्य आहे. घशाच्या मागून जिभेच्या टोकापर्यंत असं काही पसरलं की नियमकाकांचा चेहरा दोन्ही बाजूंनी दुमडला गेला. वहिनींनी समाधानाने मान डोलावली. "कडू आहे ना? मग लागू पडणार."

आणि गंमत म्हणजे ते लागूही पडलं. पाव तासात नाक मोकळं झालं. कित्येक दिवसांनी त्यांना वास आले. पुस्तकाच्या कपाटाचा, इस्त्रीच्या कपड्यांचा आणि, डोळा धुऊन परत आलेल्या मेहुण्याच्या मोज्यांचा.

दुसऱ्या दिवशी ते बाटली खिशात घालून कार्यालयात गेले. एकदा मारून जर इतका गुण, तर प्रत्येक लग्नाआधी का मारू नये, असा त्यांनी हिशेब केला. शिपाईमामांनी पहिल्या जोडप्याला आत आणलं. नियमकाकांनी मान मागे टाकून फवारा ओढला आणि शपथ सुरू केली. वराने "मी हिला माझी पत्नी म्हणून..." असं म्हणायला आणि कडवटपणा जिभेवर उतरायला एकच गाठ पडली. नियमकाकांनी असं तोंड केलं की वर मध्येच थांबला.

वधूच्या आई टेबलाजवळ सरकल्या आणि दबल्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, तुम्ही रोज इतकी मुलं बघता. यात काही खोट दिसतेय का? आत्ताच सांगा."

"छे छे," नियमकाका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पुन्हा दुमडला.

त्या लग्नाला पुढे जायला बराच वेळ लागला. वराला आपल्या नोकरीची, पगाराची आणि एका जुन्या मैत्रिणीची सविस्तर माहिती सर्वांसमोर द्यावी लागली.

दुपार होईपर्यंत दुसरंच संकट उभं राहिलं. डोळ्यांवर झापड येऊ लागली. लग्नं ओळीने होती, तशी फवारणीही ओळीने झाली होती. जेवणानंतरच्या जोडप्यापाशी नियमकाकांना समोर बरीच माणसं आणि ती सगळी किंचित हलताना दिसत होती. त्यांनी शपथेचा पुठ्ठा हातात घेतला, डोळे ताणून समोर पाहिलं आणि वराच्या शेजारी उभ्या असलेल्या एका बुजऱ्या तरुणाला खड्या आवाजात विचारलं, "आपण हिला आपली पत्नी म्हणून स्वीकारता का?"

तो साक्षीदार होता. वराचा कचेरीतला मित्र. सरकारी माणसाला नाही म्हणायचं नसतं, अशा वातावरणात वाढलेला. त्याने घाबरून वराकडे पाहिलं, वधूकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो."

"अरे, हो काय?" वर ओरडला.

"साहेबांनी विचारलं!"

"उद्या साहेबांनी विहिरीत उडी मारायला सांगितली तर?"

"विचारलं तर... म्हणजे विहीर कुठली आहे त्यावर..."

वधू हसत सुटली. ती इतकी हसली की तिला बाकावर बसवावं लागलं आणि त्यामुळे वर जास्तच बिथरला. शिपाईमामांनी पुढे होऊन, मोठ्या शिताफीने, साक्षीदाराला दंडाला धरून बाजूला केलं आणि वराला त्याच्या जागी उभं केलं. "परत विचारा साहेब," ते कानाशी कुजबुजले. "हा घ्या खरा." नियमकाकांनी परत विचारलं. वराने इतक्या मोठ्याने "हो!" म्हटलं की बाहेरच्या बाकावरची मंडळी उठून उभी राहिली.

इतकी वर्षं नोकरीत एक स्वल्पविराम चुकला नव्हता. नियमकाका त्या संध्याकाळी घरी आले ते जेवलेच नाहीत.

"उठा," काकू म्हणाल्या. "डॉक्टरांकडे चला. आणि मास्तरांना बरोबर घ्यायचं नाही."

कान-नाक-घशाच्या डॉक्टर चाळिशीच्या, घाईत असलेल्या बाई होत्या. त्यांनी नाकात दिवा घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "परागकणांचा त्रास आहे. औषध बरोबर घेतलंयत. कसं मारता ते दाखवा."

नियमकाकांनी मान मागे टाकली.

"अहो थांबा! मान मागे कुणी सांगितली?"

"सगळ्यांनी."

"आणि ओढता जोरात?"

"मेंदूपर्यंत."

"आणि दिवसातून किती वेळा?"

"लग्नं असतील तितक्या वेळा," नियमकाका खालच्या आवाजात म्हणाले.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी शाळेतल्या मुलाला शिकवावं तसं शिकवलं. आधी नाक शिंकरून साफ करायचं. मान पुढे, किंचित खाली. टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला. दाबताना हलकेच श्वास, वास घेतल्यासारखा. सकाळी आणि संध्याकाळी, बस्स. "तुम्ही औषध नाकाला दिलंच नाहीत, घशाला पाजलंत. म्हणून कडू. आणि वारंवार घेतलंत म्हणून झोप. तरीही पेंग येत राहिली तर मला सांगा. आणि एकाची बाटली दुसऱ्याने वापरायची नाही."

"आणि ते फुलांचे गुच्छ?" काकूंनी विचारलं. "लग्नात आणतात ते?"

"त्यांना उगाच बोल लावू नका. त्यांचे पराग जड असतात, जागचे हलत नाहीत. वाऱ्यावर येतं ते गवताचं."

परत येताना नियमकाका एकच वाक्य बोलले. "कागद वाचायला हवा होता." काकूंनी त्यावर काही म्हटलं नाही. संसारात काही विजय मनातल्या मनात साजरे करायचे असतात.

आणि मग खरोखर बरं वाटलं. तोंड कडू होईना, झोप येईना, नाक वाहीना. नियमकाका कोरड्या डोळ्यांनी लग्नं लावू लागले. त्यांची मान ताठ झाली. आता आपल्याला लोक ओळखतील, असं त्यांना वाटलं.

लोकांनी ओळखलं. पहिल्याच आठवड्यात एक वधू टेबलाशी अडून बसली. "माझ्या ताईच्या लग्नात तुम्ही रडला होतात. माझ्या वेळी का नाही?"

"मला औषध लागू पडलंय," नियमकाका म्हणाले.

"म्हणजे ताईचं लग्न तेवढं चांगलं."

कुणाची आजी म्हणाली, साहेबांना गर्व झालाय. कुणी म्हणालं, बदलीची वाट बघतात, कामात लक्ष नाही. शिपाईमामा बाहेरच्या बाकावर खालच्या मानेने सांगत, "पूर्वी रडायचे हो. आता आतून सुकलेत." जे हळवेपण आपलं नव्हतं त्याचा नियमकाकांना राग होता, पण जी निष्ठुरता आपली नव्हती तिचं दुःख त्याहून मोठं निघालं. ते रात्री काकूंना म्हणाले, "मी पूर्वी जसा होतो तसाच आहे ना?" काकू म्हणाल्या, "तुम्ही पूर्वी कसे होता हे कुणाला माहीत होतं? नाकच मध्ये होतं."

अशातच मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं.

मोठे साहेब म्हणजे त्या इमारतीतल्या सगळ्या खात्यांवरचे साहेब. त्यांच्या दालनासमोरून जाताना माणसं बूट न वाजवता चालत. ते हसल्याची नोंद कुठल्याच खात्यात नव्हती.

"बसा," साहेब म्हणाले. "तुम्ही म्हणे कसलासा फवारा मारता."

"हो साहेब. अँटीहिस्टामाइन."

"अत्यावश्यक आहे का?"

नियमकाकांना काही उमजेना. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"माझ्या मुलीचं लग्न आहे. नोंदणी तुमच्याकडे. ती गेल्या हंगामात मैत्रिणीच्या लग्नाला तुमच्या कार्यालयात आली होती. तेव्हा तुम्ही..." साहेबांनी योग्य शब्द शोधला, "...कार्यरत होता."

"हो साहेब."

"तिची आई नाही. ती मला म्हणते, बाबा, तुम्ही काही रडायचे नाहीत. निदान माझ्या लग्नात निबंधक तरी रडू देत."

पंखा फिरत होता. नियमकाकांनी घसा साफ केला.

"हा आदेश आहे का, साहेब?"

"नाही," साहेब म्हणाले. "याला नियम नाही."

नियमकाकांची सगळी पंचाईत त्याच वाक्याने झाली. आदेश असता तर त्यांनी तो टाळण्याचा नियम शोधला असता. ते घरी आले आणि त्यांनी बाटली कपाटात ठेवून दिली. काकूंनी डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं, काही दिवस नाही मारलं तर चालेल का? "चालेल," त्या म्हणाल्या, "शिंका येतील, एवढंच. पण मुद्दाम ॲलर्जी मागणारा पेशंट मी पहिल्यांदाच बघतेय. बाटली जवळ असू द्या म्हणावं."

लग्नाच्या सकाळी नियमकाका बाटली खिशात टाकून लवकर कार्यालयात पोचले, खिडकी सताड उघडली आणि छाती भरून श्वास घेतला. काही झालं नाही. पुन्हा घेतला. मग त्यांनी खाली पाहिलं.

गवत नव्हतं. कुंपणापासून रस्त्यापर्यंत जमीन तुळतुळीत भादरलेली, वर पाण्याचा सडा.

"काल झालं, साहेब," शिपाईमामा म्हणाले. "मोठ्या साहेबांच्या घरचं कार्य म्हणून बागखातं आलं. तेवढ्यात रस्तेखातंही आलं. दोघांची भांडणं, आम्ही कापणार, आम्ही कापणार. शेवटी अर्धं अर्धं वाटून घेतलं. मुळासकट काढलं हो."

नियमकाकांचं नाक आयुष्यात कधी नव्हतं इतकं स्वच्छ होतं. त्यांनी टेबलावरच्या गुच्छात तोंड खुपसून पाहिलं. डॉक्टरबाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. शिपाईमामांनी उपाहारगृहातून अर्धा कांदा आणून दिला. पण कांदा हातात धरून विवाह नोंदवणं नियमकाकांच्याने होईना. त्यांनी दुःखद गोष्टी आठवून पाहिल्या. त्यांना फक्त बागखात्यातला तो अधिकारी आठवला, आणि रडू यायच्या ऐवजी राग आला.

तेवढ्यात मंडळी आत आली. मुलगी साध्या कपड्यांत, हसऱ्या चेहऱ्याची. तिने आल्या आल्या नियमकाकांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते कोरडे ठणठणीत होते. तिचे ओठ मिटले. मोठे साहेब कोपऱ्यात, हात पाठीमागे बांधून, तपासणीला आल्यासारखे उभे होते.

शपथ सुरू झाली. वराने नीट म्हटली. मग मुलीने सुरुवात केली. "मी..." स्वतःचं नाव घेतलं. मग वडिलांचं नाव घेतलं. आणि तिथे, कोण जाणे का, तिचा आवाज अडकला. ती थांबली.

आणि कोपऱ्यातून एक आवाज आला. नाक ओढल्याचा.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मोठे साहेब तसेच ताठ उभे होते, हात पाठीमागेच होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत हनुवटीपर्यंत आलं होतं. ते पुसायला हात पुढे आणावे लागले असते, आणि तसं केलं तर ते मान्य केल्यासारखं झालं असतं, म्हणून ते तसेच उभे होते.

"बाबा?" मुलगी म्हणाली.

"गवत," मोठे साहेब म्हणाले. आवाज फाटला होता. "बाहेर गवत फार झालंय."

सगळ्यांच्या नजरा खिडकीतून बाहेर गेल्या आणि परत आल्या. शिपाईमामांनी तोंड उघडलं. नियमकाकांनी त्यांच्या पायावर पाय दिला. मग, नोकरीच्या इतक्या वर्षांत कर्तव्यावर असताना एकदाही खोटं न बोललेले नियमकाका उठले आणि निबंधकाच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "हो साहेब. यंदा गवत फारच आहे."

त्यांनी खिशातून बाटली काढली आणि साहेबांच्या हातात दिली. साहेबांना ती कशी धरायची कळेना. सगळ्यांप्रमाणे त्यांनीही मान मागे टाकली.

"मागे नाही, साहेब," नियमकाका हळूच म्हणाले. "मान खाली. थोडी पुढे. अशी."

मोठ्या साहेबांनी मान खाली घातली. मुलगी पुढे झाली, एक हात तिने त्यांच्या कपाळाला लावला, दुसऱ्याने पाठ चोळू लागली, आणि साहेब त्या दोन हातांच्या मध्ये वाकून, खांदे हलवत, पुष्कळ वेळ औषध घेत राहिले. बाटलीचं टोपण तसंच होतं. एकाची बाटली दुसऱ्याने वापरायची नाही हा नियमही त्यामुळे पाळला गेला.

नियमकाका खिडकीकडे वळले, आणि मंडळी आवरेपर्यंत त्या नसलेल्या गवताकडे अगदी बारकाईने बघत उभे राहिले.